सहा आठवड्यांचा वसा

समीक्षकाने कशाची समीक्षा करावी आणि कशाची करू नये, याविषयी आपल्याकडे एक अलिखित संकेत रूढ आहे. कथा, कादंबरी, कविता आणि नाटक यांना समीक्षेच्या बैठकीत मानाचे आसन आहे. चित्रपटालाही काही काळापूर्वी ओसरीवर जागा मिळाली. जाहिरात मात्र अजून अंगणातच उभी आहे. तिच्यापाशी थांबणे हे रसिकतेला कमीपणा आणणारे आहे, अशी आपली समजूत असावी. आम्हांला हा संकेत आज मोडावासा वाटतो. आपल्या घरातील मुलींनी वाचलेल्या, ऐकलेल्या आणि पाहिलेल्या कथांची कोणी मोजदाद केली, तर त्यांत हरिभाऊंच्या किंवा विभावरीबाईंच्या कथा किती भरतील आणि अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या विकाऊ कथा किती भरतील, याचे उत्तर वाचकांना सांगावयास नको. ज्या कथा आपल्या मुलींची मने घडवितात, त्यांना कथा म्हणून तपासावयाचेच नाही, असे ठरविणे म्हणजे समीक्षेने आपले निम्मे काम सोडून देणे होय.

हा विचार मनात येण्यास एक लहानसा प्रसंग कारणीभूत झाला. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, म्हणजे ३ जानेवारीस, येथील मराठी मंडळाने मुलींसाठी वक्तृत्वस्पर्धा ठेविली होती. परप्रांतात वाढलेल्या मुलींचे मराठी कधी हिंदीच्या तर कधी इंग्रजीच्या वळणाने जाते. तथापि त्या दिवशी सातवीतील एका मुलीने असे काही नेटके, निर्भय भाषण केले, की सभागृहातील वडीलधारी मंडळी क्षणभर आपल्या बदल्या आणि बढत्या विसरली. तिला पहिले बक्षीस मिळाले. बक्षिसाची पिशवी एका स्थानिक दुकानदाराने उदारपणे पुरविली होती. तीत वही होती, पेन होते आणि कांती उजळविणाऱ्या मलमाची एक नळी होती. मुलगी सावळी आहे. मागच्या रांगेतून कोणी एक बाई हसत म्हणाल्या, "चला, योग्य हातांत पडली!" बोलण्यात दुष्टावा नव्हता, होता तो नुसता सराव. मुलीने पिशवी बंद केली आणि ती आपल्या आईशेजारी जाऊन बसली. उरलेल्या कार्यक्रमात तिने मान वर केली नाही. दहा मिनिटांपूर्वी जिने आम्हां सर्वांना मान वर करावयास लाविली होती, तिची ही अवस्था एका नळीने केली. ही नळी बोलते कोणत्या भाषेत आणि तिचे बोलणे इतके अचूक लागते कसे, हा प्रश्न घेऊनच आम्ही त्या रात्री घरी परतलो.

उत्तरासाठी जुन्या जाहिरातींकडे वळावे लागते. 'फेअर अँड लव्हली' हे मलम हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणिले. पुढे अनेक वर्षे ते या देशातील गोरेपणाच्या बाजाराचे जणू दुसरे नावच होऊन राहिले. त्याच्या जाहिराती अनेक निघाल्या; परंतु या शतकाच्या आरंभी दाखविली गेलेली एक जाहिरात पुष्कळांच्या स्मरणात असेल. घर मध्यमवर्गीय, ओढगस्तीचे. मुलगी शिकलेली आणि मिळवतीही; पण मिळकत तुटपुंजी. आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, असा उसासा बाप टाकतो, आणि तो मुलीच्या कानी पडतो. मग मलम येते, कांती उजळते, मुलीला हवाईसुंदरीची नोकरी मिळते, घरात पैसा येतो आणि बाप सुखावतो. कथा येथे संपते. मुलगा नसल्याचे दुःख मुलीने निवारले, असा तिचा फलितार्थ.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून श्रावणातल्या कहाण्या ऐकल्या असतील, त्यांना या कथेचा सांगाडा अनोळखी वाटणार नाही. कहाणीत आरंभी एक उणेपण असते: दारिद्र्य असते, निपुत्रिकपण असते किंवा नावडतेपण असते. मग कोणी देवता, कोणी म्हातारी अथवा कोणी नागकन्या भेटते आणि एक वसा सांगते. वशाला मुदत असते, विधी असतो, सातत्याची अट असते. वसा पुरा झाला, की उणेपण जाते आणि सारे घरदार नांदू लागते. जाहिरातीतही उणेपण आहे, वसा सांगणारी मैत्रीण किंवा नुसता एक आवाज आहे, नित्य लेपनाचा विधी आहे आणि सहा आठवड्यांची मुदत आहे. चेहऱ्याच्या छटा उतरत्या क्रमाने मांडून दाखविणारी पट्टी हे या व्रताचे उद्यापन मानावे. ज्या कोणी ही जाहिरात रचिली, त्याने आपल्या कहाण्या वाचिल्या असतील किंवा नसतील. परंतु मुलींच्या कानाला कोणत्या आकाराची कथा परिचयाची आहे, हे त्याने बरोबर ओळखिले होते. तिच्या परिणामाचे अर्धे रहस्य येथे आहे.

मात्र साम्य येथेच सरते. कहाणीतील वसा घेणारीला काही द्यावे लागे: मूठभर तांदूळ, शेजारणीला वाण, उपाशी पांथस्थाला घास. तिच्या आचरणाची कसोटी लागे. मातलेपणाला शिक्षा असे आणि दयेला फळ असे. म्हणजे त्या भोळ्या कथेतही कार्यकारणभाव नैतिक होता. जाहिरातीच्या कथेत नायिकेला काहीच करावयाचे नसते. तिने फक्त विकत घ्यावयाचे असते. एवढेच नव्हे, तर ती जे काही करून बसली आहे तेही कथेने निरर्थक ठरविलेले असते. ती शिकली आहे, हे कथेला ठाऊक आहे. पण कथेत कोठेही ती शिकताना दिसत नाही. तिचे पुस्तक दिसत नाही, तिची शिक्षिका दिसत नाही, रात्रीचा दिवा दिसत नाही. पदवी ही जणू तिच्या जन्मापासून घरात पडून राहिलेली एक निरुपयोगी वस्तू आहे. संविधानकाच्या दृष्टीने पाहता, शिक्षण हे येथे 'कारण' नाही. कांती हे 'कारण' आहे. आणि कथेत जे कारण म्हणून वावरते, तेच ऐकणाराच्या मनात सत्य म्हणून उतरते. हा साहित्याचा नियम आहे. तो थोर कादंबरीला जसा लागू, तसाच अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीलाही लागू.

या ठिकाणी मराठी साहित्यातील एका पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि पांढरपेशा मराठी समाजात केवढी खळबळ उडाली, हे सर्वश्रुत आहे. टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणसंस्थेत त्यांनी काम केले होते आणि शिकलेल्या मुलींचे जग त्यांनी जवळून पाहिले होते. या संग्रहातील एका कथेचे नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. मिळवती मुलगी, तिच्या मिळकतीकडे पाहणारे घर आणि त्या घरात तिच्या स्वतःच्या आयुष्याला न उरलेली जागा, हा त्या प्रश्नाचा आशय. आता ही कथा आणि वर सांगितलेली जाहिरात शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोहोंचा विषय एकच आहे: मुलगी शिकली, मिळवू लागली, पुढे काय? सुमारे सत्तर वर्षांचे अंतर पडूनही घर तेच, बाप तोच आणि मुलीच्या खांद्यावरील जूही तेच आहे.

फरक आहे तो लेखकाच्या वृत्तीत. विभावरीबाईंच्या कथेने प्रश्नचिन्ह शीर्षकातच ठेविले आणि ते पुसले नाही. वाचकाने अस्वस्थ व्हावे, हीच त्या कथेची अपेक्षा होती. बापाच्या घराने मुलीकडून काय काय घ्यावे, याची मर्यादा कोणती, हे समाजाला विचारण्याचे धैर्य त्या कथेत होते. जाहिरात ते प्रश्नचिन्ह पुसते. 'मुलगा असता तर' या उद्गारात अन्याय आहे, हे तिच्या ध्यानातच येत नाही. उलट तो उद्गार रास्त मानून त्याची भरपाई मुलीने करावी, असे ती सुचविते. दुःख बापाच्या दृष्टीत आहे. औषध मात्र मुलीच्या गालाला लावावयाचे. हा रोग एकाचा आणि उपचार दुसऱ्यावर करण्याचा प्रकार झाला. कला आणि विक्री यांतील भेद शोधावयास दूर जाणे नको: एक प्रश्न जागा ठेवते, दुसरी तो निजविते.

येथे कोणी म्हणेल, की शिक्षणाचा व्यवहाराशी संबंध जोडणे हे काही या कंपनीने आरंभिले नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि आपल्या सुधारणेच्या इतिहासाकडे पाहताना ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा शिक्षणाचा अर्थ त्यांच्यापुरता स्पष्ट होता: तो माणूसपणाचा हक्क होता. परंतु उच्चवर्णीय समाजाला मुलींचे शिक्षण पटवून देण्याची वेळ आली, तेव्हा अनेक सुधारकांनी युक्तिवाद केला तो वेगळा. शिकलेली मुलगी अधिक चांगली पत्नी होईल, अधिक चांगली माता होईल, हिशेब ठेवील, मुलांना वळण लावील, हा तो युक्तिवाद. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हाही वाद झाला तो मुलींना काय शिकवावे यावर. इंग्रजी आणि इतर विषय मुलांप्रमाणे मुलींना शिकविण्यावर टिळकपक्षाच्या पत्रांनी कठोर टीका केली. शिक्षण हे मुलीला लागणारे नसून मुलीच्या घराला लागणारे आहे, ही भूमिका विरोधकांचीच नव्हती. पुष्कळ समर्थकांचीही होती. अलंकार म्हणून ज्याला मान्यता मिळाली, ते पुढे दुसऱ्या अलंकाराशी स्पर्धेत हरले तर नवल कसले? विद्येला आपणच दागिन्यांच्या डब्यात ठेविले. बाजाराने त्याच डब्यात मलमाची नळी टाकिली.

तरीही त्या पिढ्यांतील स्त्रियांनी शिक्षणाचे काय केले, हे पाहिले म्हणजे मन उल्हसित होते. रमाबाई रानडे पतीच्या आग्रहाने शिकू लागल्या आणि घरातील वडील स्त्रियांची बोलणी त्यांनी सोसली. परंतु १९१० मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचे जे पुस्तक दिले, ते कोणाच्या आग्रहाचे उरले नाही. ते मराठी आत्मपर लेखनाचे लेणे ठरले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांनी लिहिलेल्या स्त्रीवर्णनांची झडती घेतली. आमच्या मते ताराबाईंना मराठीतील पहिल्या समीक्षकांमध्ये गणिले पाहिजे. लोकप्रिय पोथ्या, नाटके आणि कथा स्त्रीला कशा रंगवितात, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. आज त्या असत्या, तर दूरदर्शन संचासमोर बसून त्यांनी काय लिहिले असते, याची कल्पना करणे आनंदाचे आहे.

आता जाहिरातीच्या बाजूने जे म्हणता येईल तेही ऐकले पाहिजे. पहिली गोष्ट ही, की या जाहिराती एकाच जागी उभ्या राहिल्या नाहीत. पूर्वी मलमाचे फळ म्हणून वर मिळत असे. पुढे नोकरी मिळू लागली. एका जाहिरातीत मुलगी क्रिकेटच्या सामन्याची समालोचक होते. ज्या घरात मुलीने क्रिकेट पाहणेदेखील खटकत असे, त्या घराला मुलगी ध्वनिक्षेपकापाशी बसलेली दाखविणे हे काही थोडे नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. आम्ही तो अर्धा मान्य करतो. स्वप्नाचा विषय बदलला, हे खरेच. पण स्वप्नाची वाट बदलली नाही. समालोचकाला लागतो तो आवाज, खेळाची जाण आणि भाषा. यांतील एकही वस्तू त्वचेत राहत नाही. ज्या कामात चेहऱ्याला सर्वांत कमी महत्त्व, त्या कामाचे दारही चेहऱ्यानेच उघडते, असे दाखविण्यात पूर्वीपेक्षा अधिक अपाय आहे. वरसंशोधनात रंगाला किंमत आहे, हे मुलीला ठाऊकच होते. आता तिला कळले, की ज्या जगात पळून जाण्याची ती आशा करीत होती, तेथेही हाच दर चालतो.

दुसरा युक्तिवाद अधिक बोचरा आहे, कारण तो आपल्यालाच उद्देशून आहे. जाहिरात हा नुसता आरसा आहे, असे म्हणतात. समाज गोरेपणा मागतो, म्हणून बाजार तो पुरवितो. आपल्या मंडळांच्या पत्रिकांतील वधूवरसूचना आम्ही सहज चाळून पाहिल्या. 'गोरी, सुस्वरूप, पदवीधर' ही विशेषणांची मालिका आणि तिचा क्रम दोन्ही बोलके आहेत. पदवी तिसऱ्या जागी येते. ज्या सावळ्या विठ्ठलाच्या रूपावर आपल्या संतांनी जीव ओवाळून टाकिला, त्याच्यापुढे टाळ कुटणारा समाज सून मात्र गोरी शोधतो. तेव्हा आरशाचा युक्तिवाद आम्हांला टाळता येत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की आरसा सर्वांना सारखेच रूप दाखवितो आणि दाखविण्याचे पैसे मागत नाही. जो आरसा व्यंग मोठे करून दाखवितो आणि शेजारीच त्याचे औषध विकावयास बसतो, त्याला आरसा म्हणता येणार नाही. तो दुकानदारच होय.

ही गोष्ट केवळ आपल्या देशापुरती आहे, असेही नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये बोलणारी बार्बी बाहुली निघाली. तिच्या अनेक वाक्यांत गणिताचा तास कठीण असल्याची तक्रार करणारे एक वाक्य होते. विश्वविद्यालयीन स्त्रियांच्या तेथील संघटनेने त्यावर टीका केली आणि कंपनीने ते वाक्य काढून टाकिले. एका वाक्यासाठी शिकलेल्या स्त्रिया उठतात आणि कारखान्याला आपली बाहुली बदलावी लागते, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडेही असे घडले. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने वरील जाहिरातींविरुद्ध मोहीम चालविली, तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये त्यांतील काही जाहिराती पडद्यावरून निघून गेल्या. पुढे २००९ पासून सावळेपणाच्या सौंदर्याची बाजू मांडणारी एक चळवळ दक्षिणेत सुरू झाली आणि २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास तीत सामील झाल्या. २०१४ मध्ये जाहिरातदारांच्याच मानक परिषदेने नियम केला, की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी, विवाह आणि बढती यांत मागे पडलेली असे दाखवू नये. २०२० च्या जून महिन्यात कंपनीने 'फेअर' हा शब्द गाळण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात नळीवर 'ग्लो' आला.

आम्ही दिवसभर सरकारी टिप्पण्या लिहिणारे लोक आहोत. मजकुरातील एक शब्द बदलून विषय निकालात निघाल्याचे दाखविणे, ही कला आम्हांला अपरिचित नाही. 'गोरी' हा शब्द गेला आणि 'तेज' आले. पण मराठीत 'उजळ' हा शब्द 'गोरा' या अर्थाचा सभ्य पर्याय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलेला आहे. मुलीच्या जन्मानंतर बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येणारी म्हातारी 'उजळ आहे हो' असे म्हणते, तेव्हा तिचा अभिप्राय तेजाविषयी नसतो. शब्द गाळला म्हणून नियत गाळली जात नाही. तथापि शब्द गाळावा लागला, ही गोष्टही क्षुल्लक नाही. भाषा लाजली, तर आज ना उद्या माणूसही लाजतो, असा आमचा अनुभव आहे.

या सर्व इतिहासात आमचे लक्ष विशेषेकरून वेधून घेते ती २००३ मधील दुसरी घटना. ज्या वर्षी जाहिराती उतरल्या, त्याच वर्षी कंपनीने त्याच मलमाच्या नावाने एक प्रतिष्ठान काढून मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. एक हात मुलीला सांगतो, की तुझ्या पदवीने काही व्हावयाचे नाही. दुसरा हात पदवीसाठी पैसे देतो. ही विसंगती पाहून हसावे की संतापावे, हे कळत नाही. परंतु ज्या मुलींनी ती शिष्यवृत्ती घेतली आणि आपले शिक्षण पुरे केले, त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढण्याचा अधिकार आम्हांला नाही. गरीब घरातील मुलीने फी कोणाच्या पैशाने भरली, याची चौकशी पोट भरलेल्यांनी करू नये. शिक्षण देणाराचा हेतू आणि घेणारीचे फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा आमच्याजवळ मराठीतीलच एक तेजस्वी दाखला आहे. फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र होते. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे कोणी नाकारणार नाही. पण तो निबंध वाचताना हेतूची आठवण कोणाला राहते? तीन वर्षांच्या शिक्षणावर त्या मुलीने धर्माच्या ठेकेदारांना उलट प्रश्न केले. शिक्षणाची आमची व्याख्या आम्ही तेथूनच घेतो. ज्या दिवशी मुलीला प्रश्न उलटवून विचारता येतो, त्या दिवशी ती शिकली. तोवर ती केवळ उत्तीर्ण झालेली असते.

या कसोटीला आपण उतरतो का? आकडे उत्साह देणारे आहेत. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा ९ हूनही कमी होते. २०११ मध्ये ते ६५ च्या आसपास गेले. उच्च शिक्षणात आज मुली जवळजवळ निम्म्या आहेत. हे एवढे मोठे स्थित्यंतर दोन-तीन पिढ्यांत घडले आणि त्याच पिढ्यांत गोरेपणाचा बाजारही फोफावला. शिक्षण वाढले म्हणजे हा बाजार आपोआप ओसरेल, ही आपली भाबडी आशा होती. घडले ते निराळेच: मुलगी शिकली, मिळवू लागली, आणि म्हणूनच ती गिऱ्हाईक झाली. बाजाराने तिच्या शिक्षणाला विरोध केला नाही; त्याने तिच्या शिक्षणाची वाट पाहिली. आज त्याला दूरदर्शनचीही गरज उरलेली नाही. मुलीच्या हातातील दूरध्वनी तिचे छायाचित्र काढतानाच तिचा रंग दोन छटांनी उतरवून देतो आणि त्यासाठी कोणी कथाही सांगत नाही. कहाणी संपली, वसा तेवढा उरला आहे, आणि आता त्याला सहा आठवड्यांची मुदतही नाही.

आम्हां बदलीच्या नोकरीतील लोकांपुढे हा प्रश्न अधिक तीव्र रूपाने उभा राहतो. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलते, शाळा बदलते, मैत्रिणी बदलतात. मुलीला जी मराठी कथा मिळावयास हवी, ती आजीबरोबर गावी राहिलेली असते. ग्रंथालय असते तेथे मराठीचे कपाट नसते, आणि कपाट असते तेथे किल्ली कोणापाशी आहे हे कोणास ठाऊक नसते. मलमाची नळी मात्र जोरहाटलाही मिळते आणि जोधपूरलाही मिळते. तिची कहाणी प्रत्येक भाषेत तयार असते. नव्या गावी एकट्या पडलेल्या मुलीला जी पहिली ओळखीची गोष्ट भेटते, ती बहुधा हीच. तिला दुसरी गोष्ट माहीतच नसेल, तर हिच्यावर विश्वास न ठेवून ती काय करील?

बंदीचा मार्ग आम्ही सुचवीत नाही. संच बंद केला, तर मुलगी शेजारच्या घरी पाहील. आम्हांला वाटते, की आपण तिच्याशेजारी बसून जाहिरात वाचावयास शिकावे. कथा वाचतो तशीच, तेच प्रश्न विचारीत. या कथेत दुःखी कोण आहे? दुःखाला कारण कोण आहे? औषध कोण घेते? आणि शेवटी सुखी कोण होते? हे चार प्रश्न दहा वर्षांच्या मुलीला समजतात. विभावरीबाईंची कथा तिला आणखी काही वर्षांनी समजेल. तोपर्यंत ती कपाटात असली पाहिजे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेविली आहे. स्पर्धेची बक्षिसे यापुढे मंडळाच्या खर्चाने द्यावीत आणि ती पुस्तकांचीच असावीत. खर्चाचा मुद्दा निघाला. दुकानदार दुखावेल, असेही कोणी म्हणाले. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. दरम्यान आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन आलो आणि ताराबाई शिंद्यांचे पुस्तक तिला देऊन आलो. भाषा जुनी आहे, थोडी अडेल, असे आम्ही तिला सांगितले. तिने चार पाने चाळली आणि विचारले, "ह्या बाई एवढ्या रागावल्या का आहेत?" आम्ही तिला म्हटले, की ते तूच वाचून आम्हांला सांग.